जुन्या वायरी, चार्जर आणि इलेक्ट्रिकच्या बारीकसारीक वस्तू काढायच्या कशा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या आमच्या सोसायटीत वर्षातून दोनदा ई-कचरा गोळा होतो. एकदा दसऱ्याच्या साफसफाईत आणि एकदा मे महिन्यात, पोरांच्या परीक्षा संपल्यावर. जमलेलं निवडायचं काम माझ्याकडे आहे. पार्किंगमध्ये सतरंजी टाकून बसलं की लोक पिशव्या आणून ओततात आणि जाता जाता एखादा प्रश्न टाकतात. उरलेले प्रश्न रात्री व्हॉट्सॲपवर येतात. दर वेळी तेच प्रश्न असतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली आहेत. टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन यात धरलेले नाहीत, त्यांना गिऱ्हाईक मिळतं. अडतं ते माळ्यावरच्या त्या एका पिशवीपाशी.

१. वायर सुक्या कचऱ्यात टाकली तर काय बिघडतं? प्लॅस्टिकच तर आहे.

वर प्लॅस्टिक आहे, आत तांबं आहे. कचऱ्याच्या ढिगात तांब्याची वायर दिसली की कोणीतरी ती काढून घेतं आणि वरचं प्लॅस्टिक घालवायला तिला काडी लावतं. त्या धुरात काय असतं ते प्रश्न ६ मध्ये लिहिलं आहे.

नियमाचं म्हणाल, तर देशात ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. टाकून दिलेलं विजेचं किंवा इलेक्ट्रॉनिक उपकरण, अख्खं असो वा त्याचा भाग, त्यांत ई-कचरा ठरतं. आधीच्या नियमांत २१ प्रकारची उपकरणं होती, आता यादी १०६ वर गेली आहे. म्हणजे चार्जर, माउस, ट्रिमर, इस्त्रीची तुटकी पिन हे सगळं वेगळं काढायचं.

२. मग नेऊन द्यायचं कुठे?

पुण्यात असाल तर सोपं आहे. ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था ई-कचरा घेते, अधूनमधून वस्त्यांत संकलनाचे दिवसही ठेवते. रोज कचरा न्यायला येणाऱ्या ताईंना विचारा, पुढचा दिवस कधी ते त्यांना माहीत असतं. बाकी शहरांत महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात किंवा वॉर्ड ऑफिसात चौकशी करा. अधिकृत पुनर्चक्रण करणाऱ्यांची यादी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर असते. मोबाईल आणि लॅपटॉपच्या बऱ्याच कंपन्याही जुना माल परत घेतात, सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर विचारून पाहा.

तालुक्याच्या गावी असाल तर घाई करू नका. वायरी नासत नाहीत. एका खोक्यात साठवा आणि जिल्ह्याच्या ठिकाणी जाणं होईल तेव्हा न्या. बॅटऱ्या मात्र त्या खोक्यात नकोत (प्रश्न १० आणि ११), आणि कुरिअरने तर मुळीच पाठवू नका.

३. काय ठेवू आणि काय काढू? सगळंच कधीतरी लागेल असं वाटतं.

“असू दे, कामाला येईल.” आपल्या घरातली निम्मी अडगळ या एका वाक्यावर उभी आहे. माझा अनुभव असा की वायर जपून ठेवली जाते ती कामाची असते म्हणून कमी, आणि ती कशाची आहे हे कळत नाही म्हणून जास्त. कशाची ते कळलं की माणूस पटकन निर्णय घेतो. तेव्हा टाकायच्या आधी ओळखा.

एका रविवारी सगळा गुंता जमिनीवर ओता. घरातली झाडून सगळी उपकरणंही आणा, अगदी ट्रिमर आणि रक्तदाबाचं मशीनसुद्धा. एकेक वायर ज्याच्या त्याच्यापाशी ठेवत जा. शेवटी मधे उरेल ती बेवारस. तिचं यंत्र घरात नाही, म्हणजे ती निघाली.

जोडी लागलेल्यांतही पाच पाच एकसारख्या निघतात. चपट्या मायक्रो यूएसबीच्या दोन ठेवा, कारण ट्रिमर, जुने इअरफोन, टेबलावरचा छोटा पंखा अजून त्यावर चालतात. संगणकाची जाड तीन पिनांची वायर एक, एचडीएमआय एक, इंटरनेटची एक. निळ्या टोकाची, दोन बाजूंना स्क्रू असलेली व्हीजीए वायर घरात जुना मॉनिटर किंवा प्रोजेक्टर असेल तरच. टाइप-सीच्या तीन-चार असल्या तरी चालतील. २०१४ मध्ये आलेलं हे टोक आता सगळीकडे पसरलं आहे. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनांना तेच सक्तीचं केलं, आणि आयफोननेही २०२३ मध्ये आपली २०१२ पासूनची वेगळी पिन सोडली. म्हणजे जुन्या आयफोनच्या वायरी तो फोन घरात आहे तोवरच.

ठेवलेल्या प्रत्येक वायरीला कागदी चिकटपट्टीचं शेपूट लावा आणि त्यावर बॉलपेनने लिहा: ‘राउटर’, ‘आईचं बीपी मशीन’. पाच मिनिटांचं काम आहे, पुढच्या दसऱ्याला दुवा द्याल.

४. भंगारवाल्याला दिलं तर चालेल का? तो दारात येतो, पैसेही देतो.

वस्तू कोणती त्यावर आहे. घराच्या भिंतीतून निघालेलं वायरिंग, ट्यूबचा जुना लोखंडी चोक, जळकी मोटर ही सरळ सरळ धातूची मोड आहे. ती भंगारवाल्याला द्यायला माझी हरकत नाही. तो ती सोलतो, तोडतो आणि तांबं तांब्याच्या जागी पोचवतो. भंगारवाल्याला खलनायक ठरवायची फॅशन मला पटत नाही. वस्तू पुन्हा वापरात आणण्याचं काम आपल्याकडे नियम येण्याच्या कितीतरी आधीपासून हीच माणसं करत आली आहेत.

ज्यात हिरवी पाटी आहे, म्हणजे सर्किट बोर्ड, ते मात्र त्याला देऊ नका. चार्जर, राउटर, रिमोट, मोबाईल सगळे त्यात आले. बोर्डातला धातू नीट काढायला कारखाना लागतो. तो नसला की बोर्ड जाळतात किंवा ॲसिडात बुडवतात. उत्तर प्रदेशातलं मुरादाबाद आणि दिल्लीतलं सीलमपूर या कामासाठी वर्षानुवर्षं ओळखले गेले. बॅटरी असलेली कोणतीही वस्तू देखील भंगारात नको.

५. तांब्याला भाव आहे म्हणतात. माझ्या पिशवीचे किती येतील?

निराश करतो, माफ करा. हिशेब असा: तांब्याच्या तारेच्या छेदाचं क्षेत्रफळ चौरस मिलिमीटरमध्ये घ्या, त्याला ८.९६ ने गुणा, मीटरमागे तेवढे ग्रॅम तांबं. दिव्याच्या वायरिंगची १.५ ची वायर मीटरला साधारण १३ ग्रॅम भरते. ९० मीटरची अख्खी गुंडाळी उकलली तर सव्वा किलोच्या आत-बाहेर. हे ठीक आहे, घराचं वायरिंग बदललं असेल तर तांब्याचे पैसे वेगळे मागून घ्याच. ठेकेदार ते गुपचूप नेतात.

मोबाईलच्या चार्जिंगच्या वायरीत मात्र केसासारख्या तारा असतात, मीटरला जेमतेम पाच ग्रॅम. अशा वीस वायरी जमवल्या तरी शंभर ग्रॅम तांबं, तेही प्लॅस्टिकमध्ये अडकलेलं. भंगारवाला हातात तोलून ‘वायर’ म्हणून एकच भाव लावेल. तेवढ्यासाठी घासाघीस करू नका.

६. घरीच प्लॅस्टिक काढून तांबं विकलं तर?

जाड वायर कटरने सोलून काढायला हरकत नाही. हातमोजे घाला, पातं अंगापासून लांब चालवा. बारीक वायरींच्या नादी लागू नका, बोटं कापतील आणि हाती काही येणार नाही.

जाळायचं मात्र नाव काढू नका. वायरीवरचं पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइडचा झोंबणारा वायू निघतो आणि डायॉक्सिनं तयार होतात, जी अगदी कमी प्रमाणातही घातक असतात. तांबं जवळ असल्याने ती जास्त होतात, म्हणजे वायर जाळणं साधं प्लॅस्टिक जाळण्यापेक्षाही वाईट. एकदा डिसेंबरात पहाटे फिरायला निघालो तर सोसायटीमागे शेकोटी, आणि हिरवट ज्वाळा. वॉचमनमामा वायरीचं भेंडोळं काठीने उलटंपालटं करत बसले होते. हिरवा रंग तांब्याचा. वास असा की घशात खरखर संध्याकाळपर्यंत राहिली. मामांना म्हटलं, “मामा, अहो हे छातीत जातं.” ते म्हणाले, “साहेब, नुसतं ऊब घेतोय.” त्यात खोटं काही नव्हतं, ऊबही होतीच. त्या दिवसापासून जाड वायरी आम्ही सोलून मामांनाच देतो. भेंडोळं आगीत जाण्यापेक्षा ते परवडलं.

७. वायर तांब्याची आहे की ॲल्युमिनियमची, ओळखायचं कसं?

टोक सुरीने खरवडा. आतपर्यंत लालसर असेल तर तांबं. वर लाल आणि खरवडल्यावर पांढरं निघालं तर ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा, स्वस्तातल्या वायरींत हा प्रकार भरपूर. लोहचुंबक चिकटलं तर आत पोलाद आहे. टीव्हीच्या केबलमधली मधली तार बरेचदा तशी असते, आणि लोक तीच तांब्याची समजून वर्षानुवर्षं जपतात.

एक गंमत. जुन्या वाड्यांतल्या रबरी वायरीतली तार पांढरी दिसते, म्हणून ती ॲल्युमिनियमच्या भावात जाते. ते तांबंच असतं. रबरातल्या गंधकाने तांबं खराब होऊ नये म्हणून तारेला कल्हई करत असत. खरवडून बघा, खाली लाल निघेल.

८. चार्जर चालू आहे, पण त्याचा फोन गेला. दुसऱ्या कशाला लावू का?

यूएसबीचं भोक असलेला असेल तर खुशाल लावा. गोल पिनेचा असेल तर त्यावरचं बारीक अक्षर वाचा, भिंग लागलं तर लागू दे. तीन गोष्टी जुळायला हव्यात. आउटपुटचे व्होल्ट अगदी तेवढेच हवेत. अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात, कमी नको. आणि पिनेचा आत-बाहेरचा अधिक-उणे जुळला पाहिजे. दोन गोलांचं छोटं चित्र असतं, त्यात कळतं. १२ व्होल्ट १ अँपिअरच्या राउटरला १२ व्होल्ट २ अँपिअरचा अडॅप्टर चालतो. १९ व्होल्टचा लॅपटॉपचा लावलात तर राउटर एका सेकंदात ई-कचऱ्यात जमा. पिन बसली म्हणजे जमलं, असं धरू नका.

कोणाला लागत नसेल तर ओळखीच्या रिपेअरवाल्याला द्या. वायर उघडी पडलेला, डुगडुगणारा किंवा गरम होणारा चार्जर मात्र कोणालाही देऊ नका. कामवाल्या मावशींना तर नाहीच. जे आपल्या पोराच्या उशाशी लावणार नाही ते दुसऱ्याच्या घरी कशाला?

९. मुलगा अमेरिकेहून येताना वस्तू आणतो. त्यांच्या वायरींचं काय?

अडॅप्टरवर ‘इनपुट १००-२४०’ लिहिलेलं असेल तर तो इथे चालतो, फक्त पिन बदलणारा तुकडा लागतो. लॅपटॉप आणि फोनचे जवळपास सगळे असेच. नुसतं ‘१२०’ लिहिलं असेल तर आपल्या २३० व्होल्टवर वस्तू जळेल. हेअर ड्रायर, मिक्सर, जुने टेपरेकॉर्डर यात सापडतात. ट्रान्सफॉर्मर नसेल आणि वस्तू वर्षानुवर्षं पडून असेल तर काढा. काढताना तिच्यावर मोठ्या अक्षरात ‘१२० व्होल्ट’ लिहा. नाहीतर कोणीतरी प्लगमध्ये घालून बघणारच.

१०. पॉवर बँक फुगली आहे. खोक्यात टाकू का?

नको! या पानावरची सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. फुगलेल्या लिथियम बॅटरीत वायू साठलेला असतो, दाबली किंवा टोचली गेली तर पेट घेते. चार्जिंगला लावू नका, दाबून बघू नका, कव्हर उघडू नका. कोरड्या वाळूच्या पत्र्याच्या डब्यात, झाकण घट्ट न लावता, बाल्कनीच्या सावलीतल्या कोपऱ्यात ठेवा आणि एक-दोन दिवसांत स्वतः नेऊन द्या. देताना तोंडाने सांगा, “फुगलेली आहे.”

गेल्या एका खेपेला आमच्या खोक्याचं झाकण आपोआप वर आलं होतं. आत एक टॅब होता, त्याची काच पाठीपासून बोटभर सुटलेली आणि नेलपेंट रिमूव्हरसारखा गोडसर वास. वर चाळीस वायरी. नुसत्या कल्पनेने घाम फुटला. तेव्हापासून बॅटरीचा डबा वेगळा आणि त्यावर लाल पट्टी.

चांगल्या स्थितीतली पण नको असलेली बॅटरीही टोकांना चिकटपट्टी लावूनच द्या.

११. रिमोटचे सेल आणि घड्याळाचे बटण सेल?

तेही कचऱ्याच्या डब्यात नाही. देशात बॅटऱ्यांसाठी २०२२ पासून वेगळे नियम आहेत आणि छोटे सेलही त्यांत येतात. काचेच्या बरणीत साठवा, वर्षातून एकदा द्या. बटण सेलच्या दोन्ही बाजूंना पट्टी लावून बरणी उंचावर ठेवा. लहान मुलाने तो गिळला तर अन्ननलिका दोन तासांतसुद्धा भाजू शकते. गिळल्याचा नुसता संशय आला तरी थेट हॉस्पिटल गाठायचं.

इन्व्हर्टरची बॅटरी वेगळीच. नवी घेताना दुकानदार जुनी वजा करून घेतो. त्याच्याकडेच द्या.

१२. ट्यूब, सीएफएल, एलईडी आणि पिवळा बल्ब एकत्र द्यायचे का?

ट्यूब आणि सीएफएल एकत्र, कारण दोन्हींत थोडासा पारा असतो. नव्या दिव्याच्या खोक्यात घालून न फोडता द्या. एलईडीत पारा नसतो, पण आत बोर्ड असतो, म्हणून तो ई-कचऱ्यात. पिवळा बल्ब म्हणजे काच आणि पत्रा. कागदात गुंडाळून ‘काच’ लिहून सुक्या कचऱ्यात द्या.

सीएफएल घरात फुटला तर पंखा बंद, खिडक्या उघड्या, आणि पंधरा मिनिटं सगळे बाहेर. मग जाड पुठ्ठ्याने तुकडे गोळा करून चिकटपट्टीने बारीक भुगा उचला आणि झाकणाच्या बरणीत ठेवा. केरसुणी किंवा व्हॅक्यूम क्लीनर लावलात तर पारा घरभर पसरेल.

१३. डास मारायची बॅट बंद पडली. उघडून बघू का?

हा प्रश्न दर पावसाळ्यानंतर येतो. बॅटीत कपॅसिटर असतो आणि बटण सोडल्यावरही त्यात झटक्यापुरती वीज राहू शकते. सुक्या, प्लॅस्टिक मुठीच्या स्क्रूड्रायव्हरने मधली आणि बाहेरची जाळी एकदा जोडा. ‘टच्च’ असा आवाज आला तर समजा होती. मग तशीच द्या. उघडू नका, आत बॅटरी असते, काहींत शिशाची, काहींत लिथियमची. पंख्याच्या कपॅसिटरलाही हेच लागू, हाताळायच्या आधी त्याची दोन टोकं अशीच जोडा.

१४. दिवाळीच्या माळा?

दिव्यांच्या बंद माळांत तांबं जवळजवळ नसतं, त्यामुळे भंगारवाला घेत नाही. ई-कचऱ्यातच जातील. पुठ्ठ्यावर गुंडाळून द्या, बाकी वायरींत अडकल्या की निवडणाऱ्याचा जीव जातो. निवडणारा मीच आहे.

१५. राउटर आणि सेट-टॉप बॉक्स आमचेच ना?

कदाचित नाही. जोडणी घेताना अनामत भरली असेल किंवा बिलात भाडं असेल तर ते कंपनीचं आहे. परत देऊन पावती घ्या, अनामत मिळते का विचारा. विकत घेतलेला असेल तर खुशाल द्या, पण आधी रिसेट करा. मागच्या बारीक भोकात टाचणी दहा सेकंद.

१६. पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड, जुन्या हार्ड डिस्कमधले फोटो?

नुसतं डिलीट केलं तर ते परत काढता येतात. फोन असेल तर खात्यातून बाहेर पडून फॅक्टरी रिसेट करा. सिम आणि कार्ड काढलंय ना ते दोनदा बघा. दर खेपेला दोन-तीन सिम तरी मला परत करावी लागतात. पेन ड्राइव्ह आणि कार्ड पक्कडीने मधोमध मोडून द्या. फिरत्या चकतीची हार्ड डिस्क असेल तर ती पूर्ण भरेल एवढा निरुपयोगी डेटा तिच्यावर लिहून टाकणं घरच्या घरी पुरतं.

१७. वाडा पाडतोय. जुनं वायरिंग, चिनी मातीचे फ्यूज, काळी गोल बटणं निघाली आहेत.

आधी वीज. मेन बंद केलं तरी प्रत्येक तार टेस्टरने तपासा. जुन्या घरांत शेजाऱ्याच्या मीटरवरून ओढलेली एखादी तार हमखास असते. तोडायचं काम वायरमनलाच द्या.

सागवानी पट्ट्यांवर ठोकलेल्या रबरी वायरी मोडीत द्या, प्रश्न ७ मधली कल्हईची गोष्ट लक्षात ठेवून. चिनी मातीचे किटकॅट फ्यूज, पितळी होल्डर आणि बेकलाइटची बटणं मात्र भंगारात घालू नका. जुन्या वस्तूंच्या बाजारात त्यांना गिऱ्हाईक आहे, कॅफेवाले शोभेला नेतात. शोभेलाच, जोडणीला नाही.

१८. वायरीवर टोकाजवळ ती जाड गाठ असते, त्यात काय आहे?

कचरा काढण्याशी याचा संबंध नाही, पण मुलं हटकून विचारतात. आत फेराइटची नळी असते, लोहाच्या ऑक्साइडपासून भाजून केलेली. वायरीतून जाणारा नको तो उच्च वारंवारतेचा गोंगाट ती अडवते. प्लॅस्टिक कापून काढलीत तर लोहचुंबकाला चिकटते. काही नळ्या माझ्या पोरीने खेळायला ठेवल्या आहेत.

१९. तुमच्या स्वतःच्या घरी एकही फालतू वायर नसेल?

पार्ले-जीचा जुना पत्र्याचा डबा भरून आहे. तळाशी बारीक पिनेचा नोकियाचा चार्जर आहे. फोन जाऊन कितीतरी वर्षं झाली. परवा काढायला घेतला, तर बायको म्हणाली, “असू दे.”